जहाजावर चाळीस, मोजमाप विसांचं

पीएचडीच्या मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो: “तुम्ही नेमकं काय मोजणार?” विद्यार्थी बहुतेक वेळा साधनाचं नाव सांगतो. अमुक प्रश्नावली, इतके प्रश्न, प्रत्येकाला पाच पर्याय. पॅनेलवरचे सर मान हलवतात, पण त्यांनी ते विचारलेलंच नसतं. तुमचा दावा काय आहे आणि तो खोटा असेल तर तुमच्या आकड्यांत ते दिसेल का, हे त्यांना हवं असतं.

सध्या सिनॉप्सिस लिहायचा मोसम चालू आहे आणि दर दुसरा विषय ‘अमुक उपक्रमाचा अमुक गटावर होणारा परिणाम: एक अभ्यास’ या साच्यातला असतो. मी स्वतः फळमाश्यांवर काम करते. माश्यांना फॉर्म भरावा लागत नाही, हा त्यांचा मोठा गुण. माणसांवर काम करणाऱ्यांची मात्र खरी पंचाईत इथेच होते. म्हणून आज अशा एका उपक्रमाकडे आणि तो मोजायच्या रूढ पद्धतीकडे जरा बारकाईनं बघू: अपंगत्व असलेल्या माणसांना बोटीतून फिरायला नेणाऱ्या धर्मादाय संस्था. ब्रिटनमध्ये अशा पुष्कळ आहेत. त्यांतल्या एका संस्थेची गोष्ट सुरुवातीपासून शेवटापर्यंत समोर आहे, म्हणून उदाहरण तिचं घेते. (सरकारी कागदांत ‘दिव्यांग’ लिहितात. चळवळीतल्या अनेकांना तो शब्द खटकतो, मलाही खटकतो. म्हणून मी ‘अपंग’ किंवा ‘अपंगत्व असलेली व्यक्ती’ असं लिहिते आहे.)

संस्थेचं नाव ज्युबिली सेलिंग ट्रस्ट. १९७८ मध्ये ख्रिस्तोफर रड या शाळामास्तरानं ती सुरू केली. रड स्वतः शिडाच्या बोटी चालवायचे. धडधाकट मुलांना समुद्रावर जो अनुभव मिळतो तो अपंग मुलांना का मिळू नये, एवढाच त्यांचा प्रश्न होता. राणीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त उभारलेल्या निधीतून १ लाख पौंडांचं अनुदान मिळालं, नावातलं ‘ज्युबिली’ तिथून आलं. एवढे पैसे हातात आल्यावर कोणीही थेट जहाज बांधायला घेतलं असतं. यांनी तसं केलं नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘सोरेन लार्सन’ नावाचं एक शिडाचं जहाज भाड्यानं घेतलं, त्यात जुजबी बदल केले आणि मिश्र गट नेऊन पाहिले. आपल्या भाषेत सांगायचं तर पायलट स्टडी. मग कुठे स्वतःच्या जहाजाचा आराखडा पक्का झाला. तुमच्यापैकी जे पायलटला ‘गाईडनं सांगितलं म्हणून दहा जणांवर उरकायचा सोपस्कार’ समजतात, त्यांनी इथे जरा थांबावं. भाड्याच्या जहाजावर जे अडलं ते नव्या जहाजाच्या नकाशात सुटलं. पायलटमधून असं काही बाहेर पडलं नाही तर तो कशाला करायचा?

ते जहाज म्हणजे ‘लॉर्ड नेल्सन’. तीन डोलकाठ्यांचं, सुमारे ५५ मीटर लांब, पहिली सफर १९८६ मध्ये. आराखडा कॉलिन मडी यांचा. आपल्या नौदलाचं गोवा शिपयार्डमध्ये बांधलेलं ‘तरंगिणी’ हे शिडाचं प्रशिक्षण जहाजही याच मडींच्या आराखड्यावरचं आहे, त्यामुळे ‘तरंगिणी’ पाहिलं असेल तर साधारण अंदाज येईल. ‘लॉर्ड नेल्सन’वर व्हीलचेअर सरळ फिरेल असा रुंद, सपाट डेक होता. एका मजल्यावरून दुसऱ्यावर जायला लिफ्ट होत्या. दृष्टिहीन माणसाला सुकाणू धरता यावं म्हणून दिशा बोलून सांगणारं होकायंत्र होतं. ऐकू न येणाऱ्याला धोक्याची सूचना कळावी म्हणून थरथरणारा गजर होता. व्हीलचेअरवरच्या माणसाला दोरांनी ओढून डोलकाठीवर चढवायचीही सोय होती. २००० मध्ये दुसरं जहाज आलं, ‘टेनेशस’. ६५ मीटर लांब, लाकडी, आणि साउदम्प्टनमध्ये ते बांधायलाही अपंग आणि अपंग नसलेले स्वयंसेवक एकत्र राबले.

पण या संस्थेचं वेगळेपण यंत्रांत नव्हतं. ते माणसांच्या वाटणीत होतं. प्रत्येक सफरीला पगारी खलाशांखेरीज चाळीसेक जण. त्यांतले साधारण निम्मे अपंग, निम्मे अपंग नसलेले. जोड्या लावलेल्या. प्रत्येकाला पाळी, रात्रीचीही. शिडं ओढायची, सुकाणू धरायचं, स्वयंपाकघरात हात लावायचा, घासायचं-पुसायचं. प्रवासी कोणीच नाही, सगळे खलाशी. आणि दावा असा की यामुळे दोन्ही बाजूंच्या माणसांचं एकमेकांकडे बघणं बदलतं.

हा दावा नीट वाचा. ‘समुद्राची हवा अपंगांना बरी वाटते’ असं त्यात म्हटलेलं नाही. बदल दोन्ही गटांत होईल आणि तो बरोबरीनं केलेल्या कामातून होईल, असं म्हटलं आहे. म्हणजे दावा चाळीस माणसांबद्दलचा आहे.

आता नेहमीचा फॉर्म घेऊन या जहाजावर चढू. अशा उपक्रमांच्या मूल्यमापनाची रूढ पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. निघताना एक प्रश्नावली, परतल्यावर तीच पुन्हा. ‘तुमचा आत्मविश्वास १ ते ५ मध्ये किती?’ ‘तुम्हाला एकटं वाटतं का?’ ती भरून घेतात अपंग सहभागींकडून. सरासरी ३.१ वरून ४.२ वर गेली, की अहवालात आलेख आणि शेजारी हसऱ्या चेहऱ्याचा फोटो. (हे आकडे मी नमुन्यासाठी घेतलेत, पण असे आलेख तुम्ही पाहिले असतीलच.)

या पद्धतीवर नेहमीचे आक्षेप घेता येतात, ते भराभर घेऊन टाकू. तुलनेसाठी गट नाही, त्यामुळे हा आठवडा घरी बसून किंवा मामाच्या गावी जाऊन काय झालं असतं ते कळत नाही. पहिला फॉर्म माणूस भरतो तो अनोळखी जहाजावर, पोटात गोळा आलेला असताना. दुसरा भरतो शेवटच्या रात्रीच्या जेवणानंतर. दोन टोकं अशी निवडल्यावर फरक दिसणारच. आणि फॉर्म घेणारा कोण, तर ज्यानं कालच तुम्हाला दोर ओढून डोलकाठीवर चढवलं तो. जेवायला बोलावलेल्या घरी “आमटी कशी झालीये?” या प्रश्नाला जेवढी उत्तरं असतात तेवढीच इथे असणार.

एका आक्षेपावर मात्र थांबते, कारण विज्ञान शाखेतून आलेली मुलंही तिथे घसरतात. समजा तुम्ही तीन सफरी घेतल्या, दर सफरीला ४० जण, एकूण १२०. तुम्ही थीसिसमध्ये ‘नमुना १२०’ लिहाल. पण एका सफरीतले चाळीस जण एकाच वादळात सापडले, त्यांनी एकाच आचाऱ्याच्या हातचं खाल्लं, त्यांचा कप्तान एकच. त्यांची उत्तरं एकमेकांना चिकटलेली असतात. हा चिकटपणा ०.१ इतका लहान धरला तरी हिशोब असा होतो: १ + (४० − १) × ०.१ = ४.९. या आकड्यानं १२० ला भागा. हातात उरतात २४-२५ स्वतंत्र माणसांइतकी माहिती. शाळेच्या वर्गांवर, बचत गटांवर, वॉर्डांवर काम करणाऱ्या सगळ्यांना हे लागू आहे. सफरींची संख्या वाढवणं हा उपाय. एका सफरीत माणसं वाढवून फारसं काही हाती लागत नाही.

हे सगळे आक्षेप तांत्रिक आहेत आणि ते दुरुस्त करता येतात. करून दाखवलेलंही आहे. सार्डिनिया बेटावरच्या कॅलियारीतल्या संशोधकांनी गंभीर मानसिक आजार असलेल्या रुग्णांना शिडाची बोट चालवायला शिकवण्याचा प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत वाटलं. एक गट आधी समुद्रावर गेला, दुसरा प्रतीक्षायादीत थांबला, मग अदलाबदल. रचना म्हणून हे फार सुरेख आहे. बोटीत जागा नेहमीच कमी असतात, कोणालातरी थांबावंच लागतं. मग ओळखीपाळखीनं नंबर लावण्यापेक्षा सोडत काढली तर तुलनेचा गट फुकट मिळतो आणि कोणी कायमचं वंचितही राहत नाही. आपल्याकडच्या सहली, शिबिरं, शिष्यवृत्त्या या सगळ्यांना ही युक्ती लागू पडेल. सार्डिनियात समुद्रावर गेलेल्या गटाची तब्येत सुधारलेली दिसली. पण पुढे बारा महिन्यांनी पाहिलं तेव्हा ती सुधारणा विरून गेली होती, गाडी मूळपदावर.

या शेवटच्या वाक्याचं काय करायचं? ‘म्हणजे उपयोग नाही’ असा शेरा मारणं सोपं आहे. पण वर्षभरापूर्वी संपलेल्या व्यायामाचा परिणाम आज दिसत नाही म्हणून व्यायाम निरुपयोगी ठरतो का? बोट चालवणं थांबलं, परिणाम थांबला. औषधाच्या भाषेत विचार केला की एकदाच डोस देऊन कायमचा गुण अपेक्षित धरला जातो. फिरायला जाणं, खेळणं, मित्रांबरोबर असणं यांना ती अपेक्षा लावणं मला मुळातच चुकीचं वाटतं. माझं मत विचाराल तर सार्डिनियाच्या निष्कर्षाचा सरळ अर्थ ‘चालू ठेवा’ असा आहे.

आणि इथे एक जुना वाद समोर येतो. आपण गोव्याला मांडवीत क्रूझवर बसतो तेव्हा उतरताना कोणी आपला आत्मविश्वास मोजत नाही. मग व्हीलचेअरवरचा माणूस बोटीत बसला की त्याची सहल लगेच ‘थेरपी’ का होते? इंग्लंडच्या कायद्याचं उत्तर गमतीशीर आहे. १९५८ च्या रिक्रिएशनल चॅरिटीज अ‍ॅक्टनं स्पष्ट केलं की समाजकल्याणासाठी दिलेली करमणुकीची सोय हे धर्मादाय कार्यच आहे, आणि ती सोय कोणाला गरजेची असू शकते त्या यादीत अपंगत्व आहे. आता हीच तरतूद २०११ च्या चॅरिटीज अ‍ॅक्टमध्ये आहे. मात्र त्याच कलमात एक अट आहे: त्या सोयीमागे त्या माणसांच्या जगण्याची परिस्थिती सुधारण्याचा हेतू हवा. म्हणजे मजा चालेल, पण मजेमागे काही हेतू हवा! या अटीच्या फटीतूनच बहुधा सगळे फॉर्म आत शिरतात. संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांबाबतचा करार, जो भारतानं २००७ मध्ये मान्य केला, तो त्याच्या पुढे जातो. त्याचं तिसावं कलम करमणूक, फुरसत आणि खेळ यांत इतरांच्या बरोबरीनं भाग घेण्याचा हक्कच देतं. आपल्या २०१६ च्या कायद्यातही कलम २९ मध्ये मैदानी शिबिरं आणि साहसी उपक्रम यांचा स्पष्ट उल्लेख आहे. कलम वाचून बघा, व्हायव्हात कामाला येईल.

हक्क असेल तर मोजायचं कशाला, असं काही जण म्हणतात. हे मला अर्धंच पटतं. समुद्रावर जायचा हक्क सिद्ध करायला पी-व्हॅल्यू लागत नाही, बरोबर. पण हक्क आहे म्हटल्यानं कोणती बोट घ्यायची ते ठरत नाही. पैसा मोजका असतो. तो ६५ मीटरच्या जहाजात घालायचा की दोन माणसांच्या पन्नास होड्यांत, हा प्रश्न उरतोच, आणि तिथे मोजमाप लागतं. म्हणजे ‘बोटिंगचा फायदा होतो का?’ हा संशोधनाचा प्रश्नच चुकीचा. ‘कोणत्या प्रकारच्या बोटिंगमधून कोणाला काय मिळतं?’ हा बरोबर.

प्रकार खरंच वेगवेगळे आहेत. ख्रिस मिचेल या ऑस्ट्रेलियन माणसानं विकसित केलेल्या ‘हान्सा’ होड्या घ्या. माणूस खाली, होडीच्या तळाशी, पुढे तोंड करून बसतो. सुकाणू जॉयस्टिकसारख्या दांड्यानं फिरतं. खालची फळी वजनदार असल्यानं होडी सहसा उलटत नाही. हातपाय फारसे न हलणारा माणूसही तीत एकटा जाऊ शकतो. हान्सा देते ते एकटेपण, आणि ते मी चांगल्या अर्थानं म्हणते आहे. ज्या माणसाला दिवसाचे चोवीस तास कोणीतरी उचलतं, ढकलतं, भरवतं, त्याला अर्धा तास कोणी सोबत नसणं ही केवढी चैन असेल.

दुसरीकडे इंग्लंडच्या कालव्यांवरच्या सहलीच्या बोटी. लिफ्टनं व्हीलचेअर आत घेतात, चहा मिळतो, लॉकमधून बोट वर-खाली जाताना बघायची. तिथे एक नियम सगळं ठरवतो: बारापेक्षा जास्त प्रवासी घेतले की बोट प्रवासी जहाजाच्या कडक प्रमाणपत्राच्या कक्षेत जाते. त्यामुळे बहुतेक संस्था बारावर थांबतात, आणि या बारांत मदतनीसही मोजले जातात. प्रत्येकाबरोबर एक मदतनीस आला तर सहल सहाच जणांची. ‘वर्षात इतक्या लोकांना फिरवलं’ हा आकडा वाचताना त्यातले निम्मे मदतनीस असू शकतात, हे लक्षात ठेवा. ते मोजू नयेत असं माझं म्हणणं नाही. उलट, वर्षानुवर्षं आईला सांभाळणाऱ्या मुलीला तीन तास पाण्यावर शांत बसायला मिळालं, तर तेही मोजायला हवं. पण वेगळ्या रकान्यात.

तर हान्सात एकटेपण, कालव्यात पाहुणचार आणि ज्युबिलीच्या जहाजावर बरोबरीचं काम. तिन्हींना एकच आत्मविश्वासाची प्रश्नावली लावली की तिन्ही सारखीच दिसतील, कारण तिन्हींवरून माणूस खुशीत उतरतो. मग पैसे देणारा अर्थातच विचारणार: तोच ४.२ होडीत स्वस्तात मिळत असेल तर एवढं जहाज कशाला? माझा मुख्य आक्षेप हा आहे. रूढ फॉर्म तटस्थ नसतो. जहाजाचा जो गुण होडीत असूच शकत नाही, म्हणजे उरलेल्या विसांत झालेला बदल, त्याला फॉर्ममध्ये रकानाच नाही. तो खर्चाच्या बाजूला पूर्ण दिसतो आणि जमेच्या बाजूला शून्य.

जहाजाची बाजू घेते आहे म्हणून त्याच्यातल्या उणिवा लपवायचं कारण नाही. निम्मे अपंग म्हणजे वीस, पण व्हीलचेअरवरचे जास्तीत जास्त आठ. जागा आणि आणीबाणीचा विचार केला तर ही मर्यादा समजण्यासारखी आहे. पण अहवालात ‘अपंग’ असा एकच रकाना केला तर एक हात नसलेला तरुण, ऐकू न येणारी बाई आणि मानेखाली हालचाल नसलेला माणूस यांची सरासरी निघते. त्या सरासरीचा माणूस जहाजावर कोणीच नसतो. शिवाय भर शारीरिक अपंगत्वावर होता. बौद्धिक अपंगत्व असलेल्यांसाठी ही रचना नव्हती. आणि सफरीला पैसे भरावे लागत, मदतनिधी असला तरी. बंदरापर्यंत पोहोचणं, डॉक्टरचा कागद, घरच्यांची परवानगी हे सगळं पार करून जो डेकवर येतो तो आधीच निवडून आलेला असतो.

ही गळती धक्क्यावरच होते आणि डेकवर फॉर्म वाटणाऱ्याला ती दिसत नाही. गेटवेवरून एलिफंटाला गेला असाल तर आठवा. दगडी पायऱ्या, डुलणारी लाँच, कधी मधली एक लाँच ओलांडून दुसरीत जायचं. उधाणाच्या दिवसांत मुंबईत भरती-ओहोटीत चार मीटरच्या वर फरक पडतो, म्हणजे सकाळची पायरी दुपारी कामाची नाही. उद्या कोणी तिथे लाँचवर ‘प्रवाशांचं समाधान’ मोजलं तर व्हीलचेअरवाल्यांची तक्रार शून्य येईल, कारण लाँचवर ते नसतीलच. भाजक धक्क्यावर मोजायचा असतो, लाँचवर नाही. पाण्याच्या सगळ्या पातळ्यांना चालणारा तरंगता धक्का आणि उतार ही कुठल्याही अशा संस्थेची पहिली खरेदी असायला हवी, बोट नंतर. पण धक्क्याचा फोटो देणगीदाराला पाठवण्यासारखा येत नाही, हेही खरं.

पैशांचं थोडक्यात सांगते, कारण ती बाजू सरळ आहे. मोठ्या जहाजाला कप्तान, इंजिनीअर, आचारी पगारावर लागतात. विमा, बंदराचं भाडं, ठरावीक काळानं कोरड्या गोदीत दुरुस्ती. चाळीसच्या जागी पंचवीस आले तरी खर्च जवळपास तोच. २०१९ मध्ये संस्था बंद पडायची वेळ आली, लोकांनी थोड्या दिवसांत १० लाख पौंडांवर रक्कम उभी केली. त्याच वर्षी ‘लॉर्ड नेल्सन’ मात्र निवृत्त झालं. मग कोविड. २०२३ च्या अखेरीस संस्थेचं काम कायमचं थांबलं. चांगल्या मोजमापानं ती वाचली असती असा माझा दावा नाही. डिझेल आणि विमा फॉर्म वाचत नाहीत. पण ‘दोन्ही बाजू बदलतात’ हे विधान खरं होतं का, हा प्रश्न संस्थेबरोबर बुडायचं कारण नाही.

म्हणून तुमच्यासाठी एक कच्चा आराखडा, कोणाला उचलावासा वाटला तर. आधी मोजायचं काय ते दाव्यातून काढा. अपंग नसलेल्या विसांबद्दल दावा असेल तर त्यांना ‘अपंगांबद्दल तुमचं मत काय?’ असं विचारू नका, सगळे शहाण्यासारखी उत्तरं देतील. वागणं विचारा. सफरीनंतरच्या दोन वर्षांत एखाद्या अपंग माणसाला कामावर घेतलंत का? घरी जेवायला बोलावलंत का? ज्याच्याबरोबर जोडी होती त्याचा फोन नंबर अजून आहे का, शेवटचा फोन कोणी केला होता? मदत मागणारा फोन होता की नुसताच गप्पांचा? अपंग विसांनाही हेच प्रश्न उलट बाजूनं.

तुलनेचा गट? तो दुर्दैवानं तयार झालेला आहे. २०२० मध्ये कोविडमुळे सफरी रद्द झाल्या. ज्यांनी पैसे भरले होते, सुट्टी काढली होती, बॅग भरायच्या बेतात होते आणि जाऊ शकले नाहीत, ती माणसं उत्साहानं, पैशानं, स्वभावानं २०१९ ला गेलेल्यांसारखीच असणार. एक गट गेला, दुसरा केवळ तारखेमुळे राहिला. नैसर्गिक प्रयोग म्हणतात तो हाच. त्यात अडचणी आहेत. २०२० नं सगळ्यांचंच जगणं बदललं, त्यामुळे दोन्ही गटांना प्रश्न एकाच काळाबद्दल विचारावे लागतील. रद्द झालेल्यांपैकी काही जण पुढे २०२१-२२ मध्ये जाऊन आले असतील. त्यांना गाळायचं नाही, मूळ गटातच ठेवायचं. औषधांच्या चाचण्यांत अर्ध्यावर गोळी बदललेल्या रुग्णाला ठेवतात तसंच.

सगळ्यात मोठी अडचण यादीची. बंद झालेल्या संस्थेच्या बुकिंगच्या नोंदी अशा सहज हाती लागत नाहीत, आणि ज्यांनी त्या दिल्या त्यांनी संशोधनाला संमती दिलेली नाही. जुन्या खलाशांच्या ओळखीतून माणसं गोळा केली तर जहाजावर जीव असलेलेच भेटतील, आणि जे एकदाच जाऊन पुन्हा फिरकले नाहीत ते पुन्हा यादीबाहेर राहतील. यावर उपाय सुचला तर मला जरूर कळवा. सिनॉप्सिसमध्ये हा परिच्छेद मात्र मर्यादांच्या प्रकरणात ढकलू नका, नमुना निवडीच्या पहिल्या पानावर घ्या. पॅनेल तिथेच बोट ठेवणार आहे.